चढावर एकदाही उतरलो नाही

४ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

तुझी सायकल मला नेमकी कितीला पडली, याची बेरीज आज सकाळी केली. दुकानदारानं तुझ्याकडून काय घेतलं ते सोड. मला ती पडली ती अशी: तुझ्या साहेबांचा एक फोन, साडेसात मिनिटांचा. न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना द्यावं लागलेलं एक स्पष्टीकरण. तुझ्या मामीचा दीड दिवसाचा अबोला. आणि माझी एक दुपारची झोप, जी मी वीस वर्षांत गिऱ्हाइकासाठीसुद्धा मोडलेली नाही.

साहेबांनी आधी हवापाण्याची चौकशी केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "ठीक म्हणजे?"

"नाही, तुमची भाची सायकलवरून येते."

असं म्हणाले, जणू तुला कावीळ झालीय. न्हावी तर सरळच विचारता झाला, "शेठ, धंद्यात खोट आली का?" वस्तरा गळ्यावर असताना माणसानं काय उत्तर द्यावं?

अगं, मी तुला स्कूटर घे म्हणून सांगितलं होतं. तू सायकल घेतलीस आणि वर उरलेले पैसे परत पाठवून माझं नाक कापलंस. तुझं ऑफिस कसलं? ठोकलेल्या गाड्यांची भरपाई देणारं. गाड्या आहेत म्हणून तिथल्या सगळ्यांच्या घरी चूल पेटते. खाटकाच्या दुकानात तुळशीची माळ घालून बसल्यासारखं झालं हे. सहा महिन्यांची तुझी उमेदवारी आहे, एकतीस मार्चला संपते, आणि कायम करायचं की नाही हे त्या साहेबांच्या हातात आहे. त्यांच्या इमारतीचे पाण्याचे पंप बारा वर्षं मी सांभाळतो, त्या ओळखीवर मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. माझा शब्द सायकलच्या कॅरिअरला बांधून फिरवू नकोस.

आणि सायकलचं कौतुक मला सांगू नको. तांत्रिक शाळेची पाच वर्षं, रोज जाऊन येऊन बावीस किलोमीटर, सायकलवरच काढली आहेत मी. वाटेत चुनाभट्टीचा चढ होता, बैल तोंडाला फेस आणायचे त्या चढाला. पाच वर्षांत त्या चढावर मी एकदाही खाली उतरलो नाही. कारखान्यात कुणालाही विचार, सगळ्यांना पाठ आहे. ते भोगलं कशाला? पुढच्या पिढीला भोगावं लागू नये म्हणून. आणि पुढची पिढी हौसेनं परत तिथंच!

माझी जुनी करडी गाडी पाठवतो. नाही म्हणू नकोस.

फोन केला असता, पण कारखान्यात बावीस मोटारी एकदम फिरत असतात, तिथं फोनवर माणूस फक्त ओरडू शकतो. आणि घरून केला तर मामी मध्ये बोलते.

तुझा मामा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र पोचलं. न्हाव्याला सांग, भाचीचं डोकं ठिकाणावर आहे आणि मामाचा धंदाही.

मी सायकल का घेतली ते ऐक. घरापासून ऑफिस सात किलोमीटर. बसनं दोनदा बदलून सव्वा तास. सायकलनं अठ्ठावीस मिनिटं, आणि पोचते तेव्हा मी जागी असते. एवढंच. मला जग सुधारायचं नाही. पण लोकांना वाटतं, मी त्यांच्यावर खटला भरलाय.

गेटवरच सुरुवात होते. वॉचमनच्या वहीत तीन रकाने आहेत: नाव, वेळ, वाहन. माझ्यापुढे तो रोज लिहितो, 'वाहन नाही.' मी म्हटलं, "दादा, ही हातात धरलीय ती काय आहे?" तो म्हणाला, "ती सायकल आहे, मॅडम. वाहन कुठाय?"

आत एक जण आहेत, त्यांना मी मनात 'सोमवार' म्हणते. "मीपण येत्या सोमवारपासून चालू करणार," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. त्याला आता सतरा सोमवार झाले. हिशेबनीस बाई फार मायाळू. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "अगं, अडचण असेल तर सांग हो, लाजू नको. मी रोज सोडत जाईन." मी म्हटलं अडचण नाही, तर त्यांना ते जास्तच वाईट वाटलं. आणि शेजारच्या टेबलवाला! मी त्याला काही विचारलेलं नसतं. पाणी प्यायला उठले तरी तो सुरू होतो: आईची कंबर, मुलाची शिकवणी, धूळ, दमा, "नाहीतर मीही आलो असतो." त्याच्या गाडीबद्दल मी आजवर चकार शब्द काढलेला नाही, मामा.

रस्त्यावर वेगळंच. सिग्नलला एकानं काच खाली करून विचारलं, "हेल्मेट घातलंय म्हणजे भीती वाटते. मग चालवता कशाला?" तोवर हिरवा झाला, नाहीतर मलाही ऐकायचं होतं मी काय उत्तर देते ते.

गॅरेजात मजा. चेपलेल्या बॉनेटशेजारी उभा असलेला मालक विचारतो, "सर्व्हेअर कधी येणार?" मी म्हणते, "मीच." मग तो माझ्या मागे बघतो, गाडी कुठं लावली ते.

हसते मी, पण रोज हसून गालफडं दुखतात. रोज कुणीतरी विचारणार, म्हणून सकाळीच मनात उत्तरं जुळवत निघते. त्यामुळे सायकल चालवताना डोकं मोकळं राहतं तेही हल्ली राहत नाही.

गाडी नको. त्यापेक्षा एक सांग. नदीवरच्या पुलाचा चढ मला काही जमत नाही. अर्ध्यावर श्वास संपतो आणि उतरावं लागतं, आणि बरोबर तिथंच मागून सोमवार हॉर्न वाजवत जातात. तू पाच वर्षं न उतरता चढ काढलास. युक्ती काय होती?

तुझी टाचणी


१३ फेब्रुवारी

चि. टाचणीस,

युक्ती विचारलीस. युक्ती अशी काही नसते, मनाचा खेळ असतो. मी सांगतो मी काय करायचो ते. चढ लागला की डोळे मिटून घ्यायचे आणि आकडे मोजायचे. एक, दोन, तीन, सावकाश. चुनाभट्टीचा चढ दोनशे चाळीस आकड्यांचा होता. एकशे ऐंशीला भट्टीचा वास यायचा, दोनशे दहाला पिंपळाची सळसळ, दोनशे चाळीसला चढ संपला. चढाकडे बघायचंच नाही. बघितलं की तो वाढतो. तुझ्या पुलाचे किती होतात मोजून कळव.

बाकी तुझ्या सोमवारला माझा नमस्कार. असा एक माझ्याकडेही आहे, तो तंबाखू सोडणार आहे.

आता इकडचं ऐक. माझे कान कसे आहेत तुला माहीत आहे. पंप गाडीतून उतरवायच्या आत मी सांगतो, बेअरिंग गेलंय की वाइंडिंग. काल एका लग्नाच्या पंगतीत माझ्या मागच्या ओळीत दोघं बोलत होते. एक म्हणाला, "ते पंपवाले शेठ. भाचीला साधी स्कूटर घेऊन देत नाहीत." दुसरा म्हणाला, "पैसा असाच साठतो." मी मागे वळून त्यांना जिलबी वाढा म्हणून सांगितलं. दोघांचे घास तोंडात तसेच राहिले.

तुला हे हसण्यावारी वाटेल. मला वाटत नाही. पायी चालणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही, गाडीवाल्याला तर नाहीच. सायकलवाल्याला मात्र प्रत्येक जण काहीतरी ऐकवतो, कारण तो इतका हळू जातो की ऐकवायला वेळ मिळतो आणि इतका भरभर जातो की उत्तर द्यायला थांबत नाही. हे मला चांगलं ठाऊक आहे.

तुझ्या पत्रातही मला एक बारीक घरघर ऐकू आली. हसतेस पण कुठंतरी घासतंय. साहेब काही बोलले का?

गाडी ड्रायव्हरबरोबर निघाली आहे. उद्या दुपारपर्यंत पोचेल. हॉर्न जोरात दाबू नकोस, अडकतो.

तुझा मामा


३ मार्च

प्रिय मामा,

उशीर झाला. उजव्या मनगटाला पट्टी होती.

तुझी युक्ती करून बघितली. एकोणीस आकडे झाले. विसाव्याला मी पुलाच्या कठड्याखालच्या गटारात होते. मामा, डोळे मिटून सायकल कशी चालवायचास तू? हात सुटतो, तोल जातो, समोरचं काही दिसत नाही. मी हे ऑफिसात सांगितलं नाही. 'पायऱ्यांवरून पडले' म्हणाले. सायकलवरून पडले म्हटलं असतं तर सगळ्यांना किती बरं वाटलं असतं!

तुझी गाडी आवारात झाकून उभी आहे. मनगट बरं होईपर्यंत चार दिवस ड्रायव्हरकाकांनी मला तिच्यातून सोडलं. त्या चार दिवसांत वॉचमननं सलाम केला, हिशेबनीस बाईंनी पाठ थोपटली, शेजारच्या टेबलवाल्यानं एकही कारण सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "आता कसं!" माझं काम तेच, मीही तीच. पाचव्या दिवशी परत सायकल काढली.

घरघर तुला बरोबर ऐकू आली होती. आता ती मोठी झालीय.

एक फरशीवाला व्यापारी आहे, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या गाडीच्या डाव्या बाजूला दोन्ही दारांवर लांब ओरखडा. तो म्हणतो, त्याच्या गोदामासमोरच्या शाळेच्या माळ्यानं सायकल घासली आणि पळून गेला. म्हातारा माळी आहे, सायकलवर झारी लटकवून येतो. माळ्याची चूक ठरली तर व्यापाऱ्याची विम्याच्या हप्त्यातली सवलत शाबूत राहते आणि भरपाई आमची कंपनी माळ्याकडून वसूल करते. व्यापाऱ्यानं स्वतःच कुठं घासली असेल तर सवलत जाते. एवढाच मामला.

मी टेप लावला. ओरखडा जमिनीपासून बेचाळीस सेंटिमीटरवर, दीड मीटर लांब, फूटपट्टीनं ओढल्यासारखा सरळ. सायकलच्या हँडलचं टोक मीटरभर उंच असतं. पायडल खालीवर फिरतं, त्यानं सरळ रेघ येईल कशी? मग मी व्यापाऱ्याच्या गोदामाच्या गेटावर गेले. डाव्या खांबाला साखळी अडकवायचा लोखंडी आकडा आहे. बेचाळीस सेंटिमीटर. त्याला गाडीचा निळा रंग लागलेला.

जसं होतं तसं लिहिलं. व्यापारी साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "ही बाई स्वतः सायकलवाली. ती सायकलवाल्याचीच बाजू घेणार." साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "अहवाल जरा परत बघा. आणि एकतीस तारीख जवळ आलीय. तुमचे मामा सज्जन गृहस्थ आहेत. तुम्हीही जरा चारचौघांसारख्या येत जा."

म्हणजे मी गाडीतून आले असते तर टेप खरा ठरला असता! तेव्हापासून जेवताना, आंघोळ करताना सारखं तेच. उत्तर लगेच पाठव.

टाचणी


७ मार्च

चि. टाचणीस,

पत्र दोनदा वाचलं, मग कारखान्यात फेऱ्या मारल्या, मग परत वाचलं. कारागीर विचारतात, शेठ काय हरवलंय?

आधी पडलीस त्याचं. मनगट शेकत जा. युक्तीचं जाऊ दे, प्रत्येकाची सायकल वेगळी असते.

आता मुद्द्याचं. तू खरी आहेस, यात मला शंका नाही. पण खरं असणं वेगळं आणि टिकणं वेगळं. मी रिकाम्या हातानं उभा राहिलेला माणूस आहे. गिऱ्हाइकानं पंप स्वतः जाळलेला असतो आणि तो म्हणतो तुमचं वाइंडिंग कच्चं. मी भांडतो का? मी लिहितो, 'कारण निश्चित सांगता येत नाही.' पंप दुरुस्त होतो, गिऱ्हाईक राहतं, खोटंही बोललो नाही आणि खरंही नाही. तू एवढंच वाक्य लिही. माळ्यावरही काही येणार नाही, व्यापाऱ्यावरही नाही. साप मरेल, काठीही मोडणार नाही.

आणि एकतीस तारखेपर्यंत गाडीतून जा. चोवीस दिवस फक्त. कायम झालीस की सायकल चालव नाहीतर हत्तीवर बस, मी काही बोलणार नाही.

साहेबांचा परत फोन आला होता. मी म्हटलं, पोरगी समजूतदार आहे. शब्द दिलाय, टाचणे.

मामा


११ मार्च

मामा,

ड्रायव्हरकाकांबरोबर गाडी परत पाठवतेय. किल्ली पुढच्या खणात आहे. हॉर्न खरंच अडकतो.

कारण निश्चित सांगता येतं. टेपनं मोजलंय. तुझ्या वाक्यानं माळी सुटत नाही, टांगला जातो. शाळेनं त्याला आत्ताच ताकीद दिलीय, आणि त्याची सायकल गेटाबाहेर लावायला लावलीय. तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही लिहा किंवा नका लिहू, पण माझी झारी उजव्या बाजूला असते. मी घासली असती तर झारी चेपली असती." हे मला सुचलं नव्हतं. साठी उलटलेल्या माणसाला आपली झारी पुरावा म्हणून दाखवावी लागतेय.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तू पण सांगू नको.

एकच विचारते. तू पाच वर्षं सायकल चालवलीस. लोक तेव्हाही असेच बोलत असतील. तूच लिहिलंस, चांगलं ठाऊक आहे म्हणून. तेव्हा तू काय केलंस?

टाचणी


१६ मार्च

चि. टाचणीस,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. चौथं हे. यातही उत्तर नाही. थोडा वेळ दे.

मधल्या काळात एक केलं. साहेबांना फोन केला. म्हटलं, "मी भाचीसाठी जो शब्द टाकला होता तो मागे घेतोय."

ते म्हणाले, "म्हणजे? तुमची जबाबदारी नाही?"

"नाही. ती माझ्या शब्दावर ठेवायची वस्तू नाही. तिचा टेप घेऊन तुम्ही स्वतः त्या गेटावर जा. आकडा जुळला नाही तर खुशाल काढा तिला, मी बारा वर्षांचे पंप तसेच सांभाळीन. आकडा जुळला तर मात्र गप्प बसू नका."

मागे त्यांचा पंखा कुरकुरत होता. मी म्हटलं, "बेअरिंग गेलंय. पंख्याचं म्हणतोय. बदलून घ्या."

आता तुझं तू बघ. मी मदत केली की नुकसान, मलाच कळत नाही. जेवणावर लक्ष नाही. मामी म्हणते, शेठजी, तुमचंच बेअरिंग तपासा.

मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

झालं. कायम झाले.

पण तू समजतोस तसं गोड नाही झालं. तुझ्या फोननंतर चार दिवस साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "चला." त्यांच्या गाडीतून गोदामावर गेलो. व्यापाऱ्यानं खांबाला ताजा पांढरा रंग फासला होता आणि तो लोखंडी आकडा कापून काढला होता. पण कापलेला खुंट राहिला होता, रंगाखाली उंचवट्यासारखा. साहेबांनी खिशातून स्वतःचा टेप काढला. माझा नाही घेतला हं! बेचाळीस. मग ते व्यापाऱ्याला म्हणाले, "आकडा का कापलात?" तो म्हणाला, "गंजला होता." साहेब म्हणाले, "आणि रंग?" तो म्हणाला, "पांढरा शुभ असतो."

परत आल्यावर ऑफिसच्या गेटाशी साहेब मला म्हणाले, "अहवाल राहू द्या तसाच. पण तुमच्यामुळे मला एक गिऱ्हाईक गेलं, हे लक्षात ठेवा." एकतीस तारखेला पत्र माझ्या टेबलावर ठेवलं, माझ्याकडे न बघता. माळ्याची सायकल परत शाळेच्या आत लागली.

बाकी काही बदललेलं नाही. वॉचमन अजून 'वाहन नाही' लिहितो. सोमवार पुढच्या सोमवारपासून येणार आहेत. मलाही सकाळी निघताना अजून धाकधूक होते.

आता मुख्य गोष्ट. आई आठवडाभर माझ्याकडे आहे. परवा संध्याकाळी मी सायकल पुसत होते. आई येऊन उभी राहिली. चाकावर बोट टेकवून हवा बघितली, साखळीला कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाली, "तेल घाल." मग चपला काढून ठेवल्या, हँडल माझ्या हातातून घेतलं आणि बसली. मामा, गुडघे धरून जिना चढणारी आपली आई! आवाराला सरळ तीन फेऱ्या, वळणावर पाय न टेकता. खालच्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून ओरडल्या, "अहो, या वयात!" आई न थांबता म्हणाली, "वय माझं, सायकल हिची. तुमचं काय आहे?"

मी विचारलं, "आई, तू कुठं शिकलीस?"

म्हणाली, "मामाला विचार."

"तू सांग ना."

"मी सांगितलं तर चहाडी होईल. चाळीस वर्षं केली नाही, आता कशाला?"

काल तिला पुलाचा चढ दाखवायला नेलं. तुझी आकडे मोजायची युक्ती सांगितली. ती हसायला लागली. कठड्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "इथं उतरायचं आणि ढकलायचं. दुसरी युक्ती नसते."

मामा, माझा प्रश्न अजून तसाच आहे.

टाचणी


६ एप्रिल

चि. टाचणीस,

ताईनं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिनं चाळीस वर्षं माझी बढाई सांभाळली, आता मलाच मोडावी लागतेय.

मला सायकल येत नाही. कधीच आली नाही. नवव्या वर्षी एकदा पडलो, कोपर मोडलं, त्यानंतर हात लावला नाही. मी तांत्रिक शाळेत गेलो तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती, बाटल्यांवर लेबलं लावायच्या कारखान्यात कामाला जायची. माझी तांत्रिक शाळा तिच्या वाटेवर. ती सायकल चालवायची आणि मी कॅरिअरवर. पाच वर्षं, रोज बावीस किलोमीटर. सायकलवर काढली म्हणालो ते खोटं नाही. कुणाच्या पायांनी, ते कुणी विचारलं नाही.

आता तुझा प्रश्न. लोक बोलायचे. टपरीवरून कुणीतरी रोज ओरडायचं, "अगं, गोण उतरव, दम लागेल!" एक जण म्हणायचा, "घोडा मागं बसलाय आणि गाडी ओढतेय बघा." बायका म्हणायच्या, बाईमाणसानं असे पाय मारावेत का. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसायची. बोलणं मला सगळं ऐकू यायचं, शब्द न् शब्द. तिनं काय केलं सांगू? घंटी वाजवली. रस्ता मोकळा असला तरी वाजवायची, बोलणं संपेपर्यंत. आणि मी काय केलं? मी तिच्या पाठीमागे तोंड लपवलं. शाळेच्या अलीकडे पाण्याच्या टाकीचं वळण होतं, तिथं उतरायचो, कपडे झटकायचो आणि शीळ घालत आत जायचो.

एक दिवस सरांनी वर्गात विचारलं, "एवढ्या लांबून कसा येतोस रे?" मी म्हटलं, "सायकलनं, सर." सर म्हणाले, "शाब्बास. बघा रे याच्याकडे." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. मी विसरलेला डबा द्यायला ताई आली होती, तिथं उभी. तिनं सगळं ऐकलं. संध्याकाळी टाकीपाशी ती नेहमीसारखी थांबलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "शाब्बास म्हणाले ना? मग बस नीट, चाक आवळलंय."

त्या टाळ्यांवर मी कारखाना उभा केला, असं लोकांना सांगतो. खरं म्हणजे कानावर उभा केला, आणि तो कान त्या कॅरिअरवर तयार झाला. साखळी कोरडी आहे, चाकाचा एक आरा सैल आहे, ताईचा श्वास आज जड आहे, हे सगळं मला मागं बसून कळायचं. कळून मी काय करायचो? काही नाही.

तुला फरशीवाल्यापुढे 'निश्चित सांगता येत नाही' लिही म्हणालो, तोही तोच मी, पाठीमागे तोंड लपवलेला. तू ऐकलं नाहीस ते बरं केलंस. तू कुणासारखी आहेस हे मला आधीच कळायला हवं होतं.

कारखान्यात काल चहाच्या वेळेला सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बावीस माणसं. कुणी हसलं नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हातारा वाइंडर फक्त म्हणाला, "शेठ, मग त्या चढाचं काय? एकदाही उतरला नाहीत म्हणता ते?"

ते खरं आहे, टाचणे. चुनाभट्टीच्या चढावर मी एकदाही खाली उतरलो नाही. ताई उतरायची आणि ढकलायची. मी कॅरिअरवर बसून डोळे मिटून दोनशे चाळीसपर्यंत मोजायचो.

तुझा मामा